चित्रकार्डांची देवघेव

छंद हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पहिल्याने आठवतात ती पोस्टाची तिकिटे, आणि त्यांच्या मागोमाग जुनी नाणी. परंतु ज्यांना वडीलधाऱ्यांनी छंद हे भारदस्त नाव कधी दिलेच नाही, असे किती तरी प्रकार मुलांच्या खिशांतून नांदत आले आहेत. काडेपेट्यांवरचे छाप घ्या. रस्त्यात पडलेली रिकामी काडेपेटी उचलावयाची, तिच्यावरचा कागद पाण्यात भिजवून अलगद सोडवावयाचा, पुस्तकात दाबून वाळवावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर बसून त्याचा सौदा करावयाचा, ही विद्या एके काळी आपल्या गावोगावच्या मुलांना कोणी न शिकविता येत असे. एका दुर्मिळ छापाला चार साधे छाप द्यावयाचे की सहा, याचा निवाडा तेथल्या तेथे होई आणि त्यावर अपील नसे.

आज ज्या छंदाविषयी मी बोलणार आहे त्याचे कूळ हेच आहे. भूमी मात्र अमेरिकेची आहे. तेथे बेसबॉलच्या खेळाडूंची छापील कार्डे जमविण्याची आणि आपसांत बदलण्याची चाल सव्वाशेहून अधिक वर्षे चालत आली आहे. त्यातही माझे लक्ष आहे ते एका विशिष्ट जातीच्या संग्राहकाकडे. त्याला सगळी कार्डे नको असतात. साऱ्या खेळाडूंतून एक त्याने मनाशी निवडलेला असतो, आणि त्या एकाची जितकी म्हणून कार्डे निघाली असतील तितकी मिळविण्यासाठी तो वर्षानुवर्षे खटपट करतो. दैवते अनेक असली तरी उपास्य एकच, असा हा प्रकार होय.

प्रथम कार्ड म्हणजे काय ते सांगतो. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतील सिगारेटी मोडू नयेत म्हणून तीत ताठ पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. हा पुठ्ठा कोरा ठेवण्याऐवजी त्यावर एखादे आकर्षक चित्र छापले, तर गिऱ्हाईक त्याच छापाचे पाकीट पुन्हा मागेल, ही गोष्ट तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आली. मग नट्या आल्या, राजेरजवाडे आले, पशुपक्षी आले, आणि बेसबॉलचे खेळाडूही आले. ओढणारा बाप सिगारेट ओढी आणि चित्र मुलाकडे जाई. पुढे विसाव्या शतकात तंबाखूची जागा च्युइंग गमने आणि बबल गमने घेतली. म्हणजे बापाला वगळून व्यापारी थेट मुलाशीच बोलू लागला.

हा व्यापारी मुलांना ओळखून होता. गाउडी नावाच्या गम कंपनीने १९३३ साली २४० क्रमांकांची एक मालिका काढली. मुले क्रमांक लावून कार्डे मांडू लागली, तो १०६ क्रमांक कोणाकडेच निघेना. निघणार कसा? तो छापलाच नव्हता. एक घर रिकामे राहिले की मूल पुन्हा पुन्हा पाकिटे विकत घेत राहते, हा त्यातील हिशेब. तक्रारीची पत्रे गेली, तेव्हा १९३४ साली कंपनीने १०६ क्रमांकावर नॅप लाजवे या कधीच निवृत्त झालेल्या खेळाडूचे कार्ड छापले आणि पत्र लिहिणाऱ्यांस ते टपालाने धाडले. आज त्या मालिकेतील अतिशय दुर्मिळ कार्ड तेच आहे. ज्यांनी निमूटपणे फसवून घेतले त्यांच्या हाती काही आले नाही, भांडलेल्यांस मिळाले. इतका चोख न्याय व्यापारात क्वचितच होत असेल.

आज ज्या रूपात हे कार्ड ओळखले जाते ते रूप ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली दिले. साय बर्गर या तिच्या तरुण कर्मचाऱ्याने वुडी गेलमन या सहकाऱ्याबरोबर आपल्या घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर ते आखले, असे सांगतात. पुढच्या बाजूस खेळाडूचे रंगीत चित्र, त्याचे नाव, स्वाक्षरीची प्रतिकृती आणि संघाचे चिन्ह. मागच्या बाजूस जन्मतारीख, उंची, वजन, आणि त्याने खेळात काय केले त्याचे आकडे. या मागच्या बाजूचे महत्त्व कमी समजू नये. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचाच दूरचा चुलतभाऊ, आणि आकड्यांचे वेड हे दोघांच्याही रक्तात आहे. किती तरी अमेरिकन मुलांना दशांश अपूर्णांक शाळेच्या फळ्यापेक्षा कार्डाच्या पाठीवरूनच अधिक लवकर समजले असावेत.

आता देवघेवीकडे वळू, कारण या छंदाचा प्राण तेथे आहे. पाकीट बंद असते; आत कोण आहे हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. त्यामुळे प्रत्येक मुलाकडे काही चेहरे दोनदा, तीनदा येतात आणि हवा तो येत नाही. ही अडचण म्हणजेच बाजाराचा जन्म. दोन मुले पायरीवर समोरासमोर बसतात. रबरी कड्याने बांधलेली गड्डी सुटते. एक जण भराभर कार्डे दाखवीत जातो आणि दुसरा म्हणत जातो, “आहे, आहे, आहे, हे नाही, आहे.” त्या “नाही” च्या वेळी आवाज जरादेखील हलता कामा नये, हलला की किंमत वाढली. आपल्याकडे म्हण आहे की गरजवंताला अक्कल नसते. असली तरी ती लपविता आली पाहिजे, एवढे त्या पायरीवरचे शिक्षण होते.

एकाच खेळाडूचा भक्त या बाजारात मोठ्या पेचात सापडतो. त्याची आवड साऱ्या आळीला ठाऊक असते. त्याच्या दैवताचे कार्ड ज्याच्या हाती पडेल तो त्याला मनसोक्त पिळून घेतो. ज्या शहराच्या संघात तो खेळाडू असेल त्या शहरात तर ते कार्ड मिळणे महाकठीण, कारण तेथे प्रत्येकालाच ते हवे असते. म्हणून शहाणा संग्राहक आपले पत्र परगावी धाडतो. पिट्सबर्गच्या मुलाने पिट्सबर्गच्या नायकाचे कार्ड न्यूयॉर्कच्या मुलाकडे मागावे आणि त्याला न्यूयॉर्कचा नायक द्यावा. यात दोघांचाही तोटा नाही. प्रत्येकाने आपल्या लेखी हलके ते दिले आणि आपल्या लेखी भारी ते घेतले. कार्डे तेवढीच राहिली, पुठ्ठा वाढला नाही, आणि तरीही दोघे उठले ते अधिक श्रीमंत होऊन. अर्थशास्त्राचे ग्रंथ जे पानेच्या पाने खर्चून सांगतात ते दहा वर्षांच्या मुलांनी येथे करून दाखविले आहे. मात्र त्याला एक अट आहे: दोघांची आवड निरनिराळी पाहिजे. ही अट आपण लक्षात ठेवू; पुढे तिचा संबंध येणार आहे.

मी वर पिट्सबर्गचे नाव घेतले ते सहज नव्हे. या एका पोलादी शहराच्या पायरेट्स संघाने या छंदाला दोन माणसे दिली. पहिला होनस वॅग्नर. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात पाचशेहून अधिक कार्डांची जी मालिका काढली तीत त्याचे कार्ड होते. परंतु त्याने छपाई थांबवावयास लावली. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला रुचले नाही असे काही म्हणतात. आपल्या चित्राचा मोबदला मिळाला नाही म्हणून तो रुसला असे दुसरे म्हणतात. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत असे, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. पण स्वतः ओढणाऱ्या बापाला मुलाने ओढलेले चालत नाही, हे आपण घरोघर पाहतोच. कारण काही असो, जेमतेम काही डझन प्रतीच आज शिल्लक आहेत.

दुसरा मनुष्य रोबेर्तो क्लेमेंते. वॅग्नरच्या कार्डाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मला अधिक बोलावयाचे आहे ते क्लेमेंतेविषयी. एका खेळाडूची सारी कार्डे जमविण्यात काय साधते, असे जर कोणी विचारले तर उत्तर म्हणून मी याचीच कार्डे पुढे करीन.

क्लेमेंतेचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी प्वेर्तो रिको बेटावरील कारोलिना येथे झाला. वर्णाने काळा, भाषेने स्पॅनिश. १९५५ साली तो पिट्सबर्गच्या संघात आला आणि १९७२ पर्यंत, म्हणजे १८ हंगाम, त्याच संघात राहिला. तो मैदानाच्या उजव्या टोकाला उभा राहत असे आणि तेथून त्याने फेकलेला चेंडू पाहण्यासाठी लोक पैसे देऊन येत. फलंदाजीत चार वेळा तो आपल्या लीगमध्ये अव्वल ठरला, १९६६ साली त्याच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, क्षेत्ररक्षणाची सुवर्ण-हातमोज्याची पदवी त्याने बारा वेळा मिळविली. १९६० आणि १९७१ या दोन्ही वर्षी पिट्सबर्गने अंतिम मालिका जिंकली. दोन्ही मालिका सात सामन्यांच्या झाल्या, आणि त्या चौदाही सामन्यांत क्लेमेंतेच्या नावावर निदान एक हिट आहे.

हा झाला कार्डाच्या पाठीवरचा भाग. आता पुढची बाजू पाहा. १९५५ सालच्या त्याच्या पहिल्या टॉप्स कार्डावर नाव आहे ‘रोबेर्तो क्लेमेंते’. १९५६ च्या कार्डावरही तेच. १९५७ चे कार्ड हाती घ्यावे तर त्यावर छापले आहे ‘बॉब क्लेमेंते’. १९५८, बॉब. १९५९, बॉब. असे करीत १९६९ पर्यंत तेरा कार्डे ओळीने बॉबची आहेत.

हा बॉब कोण? क्लेमेंतेच्या घरी कोणी बॉब नव्हता. इंग्रजी बोलणाऱ्या वार्ताहरांना आणि निवेदकांना रोबेर्तो हे नाव जिभेला जड वाटले असेल, किंवा परक्या माणसाला आपल्यात घ्यावयाचे तर त्याचे नाव आपल्यासारखे करून घ्यावे असा त्यांचा समज असेल. तो स्वतः आपले नाव रोबेर्तो आहे असे पुन्हा पुन्हा सांगत असे. वर्तमानपत्रे त्याचे बोलणे छापीत तेही त्याच्या उच्चारांची नक्कल करून, मोडक्यातोडक्या अक्षरांत. वसंतातील सरावासाठी संघ फ्लोरिडाला जाई, तेव्हा संघाच्या हॉटेलात काळ्या खेळाडूंना जागा नसे. त्यांची सोय गावाच्या दुसऱ्या भागात होई. मैदानात जो उजवीकडची सारी सीमा एकटा राखीत होता त्याला स्वतःच्या नावाची सीमा राखता येत नव्हती.

आपण मराठी माणसे हे चटकन समजू शकतो. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली रीत. परमुलुखात गेल्यावर कचेरीतला कारकून तिची कशी उलथापालथ करतो, वडिलांचे नाव आडनाव कसे होऊन बसते, आणि मग ते सुधारण्यासाठी किती अर्ज करावे लागतात, याचा अनुभव घरोघरी आहे. स्पॅनिश रीतीत स्वतःच्या नावापुढे वडिलांचे कुलनाव आणि त्यापुढे आईचे कुलनाव येते. त्यानुसार याचे पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. इंग्रजी लिपीत या नावाची अक्षरे २१ भरतात. आणि पहिल्याच हंगामात १३ क्रमांक सोडून त्याने जो २१ हा क्रमांक पाठीवर घेतला, तो या अक्षरांवरूनच घेतला अशी कथा सांगितली जाते. कार्डावर कोणी काहीही छापो, पाठीवर त्याचे पूर्ण नाव अंकात लिहिलेले होते.

१९७० च्या कार्डावर ‘रोबेर्तो’ परत आला. १९७१ आणि १९७२ लाही तोच राहिला. १९७२ च्या हंगामाच्या आरंभी त्याचे एकूण हिट २,८८२ होते. ३० सप्टेंबर १९७२ रोजी पिट्सबर्गच्या मैदानावर त्याने ३,००० वा हिट मारला. त्याच्या आधी तेथवर पोहोचलेले दहाच होते. नियमित हंगामातील तो त्याचा शेवटचा हिट ठरला.

२३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. क्लेमेंतेने प्वेर्तो रिकोत मदत गोळा केली, विमाने भरून पाठविली. ती मदत भूकंपग्रस्तांपर्यंत न पोहोचता तेथील सत्ताधाऱ्यांच्या शिपायांकडे जाते आहे असे कानी आले, तेव्हा पुढील विमानाबरोबर तो स्वतः निघाला. वर्षाची शेवटची रात्र होती. विमान जुने होते आणि वाजवीपेक्षा अधिक भरलेले होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते सान हुआनजवळच्या समुद्रात कोसळले. क्लेमेंतेचा देह मिळाला नाही. त्याचे वय ३८ होते.

१९७३ ची कार्डे पाकिटांतून बाहेर पडू लागली तेव्हा त्यांत ५० क्रमांकाचे कार्ड त्याचे होते. पाठीमागे कारकिर्दीच्या बेरजेत ३,००० हा आकडा छापलेला होता, आणि ते उघडणाऱ्या मुलांना ठाऊक होते की त्या बेरजेत आता कधीही भर पडावयाची नाही.

त्या वर्षी बेसबॉलच्या मानदालनाने निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा आपला नियम बाजूस सारून त्याला प्रवेश दिला. लॅटिन अमेरिकेतून त्या दालनात गेलेला तो पहिला. तेथे जो धातूचा फलक लावला त्यावर कोरले होते, ‘रोबेर्तो वॉकर क्लेमेंते’. आईचे नाव मध्ये आणि वडिलांचे शेवटी. हा फलक २००० साली बदलून नाव नीट केले. कार्डवाल्यांनी तेरा वर्षे घेतली होती. मानदालनाने सत्तावीस घेतली.

बाजार या साऱ्याकडे कोणत्या डोळ्याने पाहतो ते आता सांगितले पाहिजे. १९५२ च्या मालिकेतील शेवटचा हप्ता हंगाम सरताना निघाला आणि पडून राहिला. तो विकला जाईना, गोदाम अडले, तेव्हा १९६० च्या सुमारास बर्गरने शेकडो खोकी कचऱ्याच्या पडावावर चढवून समुद्रात बुडविली. त्या हप्त्यात ३११ क्रमांकावर न्यूयॉर्कच्या मिकी मँटलचे कार्ड होते. त्याची एक उत्तम स्थितीतील प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. समुद्राने आणि घरोघरच्या आयांनी मिळून हा भाव वाढविला असे म्हणावयास हरकत नाही. मुलगा शिकावयास बाहेरगावी गेला की त्याची खोली साफ करताना बुटांच्या खोक्यातील कार्डे कचऱ्यात टाकणारी आई, ही त्या पिढीतील प्रत्येक अमेरिकन पुरुषाच्या तोंडची कथा आहे.

मुलांनीही काही कमी नासधूस केली नाही. सायकलच्या चाकाच्या तारांत कार्ड अडकवून त्याचा फडफड आवाज काढणे, भिंतीशी कार्डे फेकून ज्याचे जवळ त्याने सारी जिंकणे, असे नाना खेळ होते. कोपरे गोल झाले, घड्या पडल्या, पेन्सिलीने खुणा झाल्या. जपलेली थोडी राहिली म्हणून जपलेल्यांस मोल आले.

१९७९ साली जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने एका सहकाऱ्याबरोबर कार्डांच्या भावांची पुस्तिका काढली, आणि १९८४ पासून त्याचे मासिक सुरू झाले. या मनुष्याने वाईट असे काहीच केले नाही; जे भाव चालू होते ते प्रामाणिकपणे नोंदविले. पण पायरीवरच्या त्या दोन मुलांमध्ये आता एक पुस्तक येऊन बसले. “हे तुझे चार डॉलरचे, माझे सहा डॉलरचे, वर दोन दे.” मघाशी मी जी अट लक्षात ठेवावयास सांगितली ती येथे मोडली. आवडी निराळ्या राहिल्या नाहीत, कारण आवडीच्या जागी सर्वांना सारखाच दिसणारा एक आकडा आला. आणि आकडा सारखा असेल तर देवघेवीत नफा कोणाचा? एकाचा झाला तर तो दुसऱ्याला फसवूनच. देवघेव जाऊन खरेदी-विक्री आली ती या वाटेने, असे माझे मत आहे.

१९८० नंतर न्यायालयाच्या निकालामुळे टॉप्सची मक्तेदारी तुटली, नवनव्या कंपन्या उतरल्या, आणि आज घेतलेले कार्ड उद्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च भागवील या आशेने प्रौढ माणसे पेट्याच्या पेट्या घेऊन माळ्यावर ठेवू लागली. कंपन्यांनी लोकांच्या मागणीइतके, आणि त्याहूनही अधिक, छापले. सर्वांनीच जपून ठेवल्यावर दुर्मिळ काय राहणार? त्या काळातील ढिगारे आज कवडीमोलाने मिळतात. पाकिटातील गम १९९० च्या दशकाच्या आरंभी गेला. त्याचा डाग कार्डाला पडतो आणि भाव उतरतो, ही तक्रार होती. मिठाईने विकत घ्यावयास लावलेले चित्र आता मिठाईचाच विटाळ मानू लागले.

याच सुमारास कार्डाची परीक्षा करून, एक ते दहा असे गुण देऊन, ते प्लॅस्टिकच्या डबीत मोहोरबंद करण्याचा धंदा निघाला. पीएसए ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी वॅग्नरच्या कार्डाची एक अतिशय सुबक प्रत हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलरला घेतली होती. पीएसएने गुण दिलेले पहिले कार्ड हेच; गुण ८. पुढे २०१३ साली बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की, विकण्यापूर्वी आपण त्या कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. म्हणजे ज्या रेखीवपणाला मोल आले तो कात्रीचा होता.

आणि कार्डावरच्या माणसाला काय मिळे? टॉप्सचा मनुष्य उमेदवार खेळाडूंना गाठून, एका जेवणाइतके म्हणजे पाच डॉलर हातावर ठेवून, करारावर सही घेई. पुढे तो मोठ्या लीगमध्ये पोहोचला तर हंगामाला १२५ डॉलर, किंवा तितक्या किमतीची एखादी घरगुती वस्तू. खेळाडूंच्या संघटनेने १९६८ साली सह्या नाकारल्या तेव्हा कुठे ती रक्कम दुप्पट झाली आणि विक्रीतील हिस्सा मान्य झाला.

या भावाच्या गलबल्यात एका माणसाची आठवण ठेवण्यासारखी आहे. सिरॅक्यूज गावच्या जेफर्सन बर्डिकने विजेच्या सामानाच्या कारखान्यात हाताने काम करून आयुष्य काढले. संधिवाताने त्याची बोटे आणि सांधे वाकले होते. त्याने तीन लाखांहून अधिक छापील कार्डे जमविली, त्यांची वर्गवारी केली, सूची छापली, आणि सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. त्यांत बेसबॉलची कार्डे तीस हजारांच्या घरात आहेत. मग त्या वाकलेल्या बोटांनी तो वर्षानुवर्षे संग्रहालयात बसून एकेक कार्ड वहीत चिकटवीत राहिला. हे काम त्याने १० जानेवारी १९६३ रोजी पुरे केले आणि १३ मार्च रोजी त्याचे निधन झाले. चिकटविलेल्या कार्डाची बाजारात किंमत जाते. बर्डिकला त्याचे काय! त्याची कार्डे विकावयाची नव्हतीच.

एका खेळाडूचा संग्राहक हा त्या बर्डिकचाच धाकटा भाऊ समजावा. क्लेमेंतेचे १९५५ चे कार्ड निर्दोष स्थितीत हवे असेल तर घर विकावे लागेल. पण कोपरे झिजलेली, मध्ये घडी पडलेली, पाठीवर कुण्या मुलाने शाईने आपली आद्याक्षरे लिहिलेली त्याची पुढील वर्षांची कार्डे अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत, आणि गुण मोजणाऱ्यांना ती नको असल्यामुळे त्यांची जुन्या पद्धतीची देवघेवही अजून होऊ शकते. दरवर्षीचे मुख्य कार्ड एक, अशी १९५५ पासून १९७३ पर्यंतची एकोणीस कार्डे टेबलावर ओळीने लावून पाहावीत. विशीतला पोरगेला चेहरा हळूहळू भरत जातो. पाठीवरच्या आकड्यांच्या ओळी दरसाल एकीने वाढतात. आणि नावे वाचीत गेले तर दोन रोबेर्तो, तेरा बॉब, आणि शेवटी पुन्हा चार रोबेर्तो.